लिनक्सवर टॉरेंट क्लायंट निवडताना

टॉरेंट क्लायंट हा फाइल उतरवणारा प्रोग्रॅम खरा, पण फाइल तो एकाच सर्व्हरवरून सलग आणत नाही. फाइल ज्यांच्याकडे आहे अशा अनेक संगणकांकडून तिचे तुकडे गोळा करतो आणि हाती आलेला तुकडा लगेच दुसऱ्यांना देऊ लागतो. लिनक्सवर असे प्रोग्रॅम डझनाने आहेत आणि जवळपास सगळे मोफत, मुक्त परवान्याचे आहेत. ट्रान्समिशन, क्यूबिटटॉरेंट, डेल्यूज, केटॉरेंट, फ्रॅगमेंट्स, आरटॉरेंट ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी नावे. नुकताच लिनक्सवर आलेला माणूस हमखास विचारतो, की यांतला सर्वांत वेगवान कोणता? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हे सगळे प्रोग्रॅम एकच प्रोटोकॉल बोलतात आणि समोरच्या गर्दीत सगळ्यांना सारखीच वागणूक मिळते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. यंत्र दिवसाचे किती तास चालू राहणार, त्याच्यासमोर कोणी बसलेले असणार का, आणि एका वेळी दोन टॉरेंट चालणार की दोनशे?

तुकड्यांचा हिशेब

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने बिटटॉरेंट प्रोटोकॉल २००१ साली रचला आणि त्याच वर्षी २ जुलैला त्याचा पायथन भाषेत लिहिलेला पहिला क्लायंट बाहेर आला. त्याआधी मोठी फाइल वाटणे हे सर्व्हरच्या मालकाला महागात पडे. फाइल जितकी लोकप्रिय, तितकी सर्व्हरवर रीघ आणि तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग. कोहेनने घेणाऱ्यालाच देणारा करून टाकले, त्यामुळे गर्दी वाढली की वेग घटण्याऐवजी वाढू लागला.

फाइल सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागली जाते. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ पद्धतीने २० बाइटांचा ठसा, म्हणजे हॅश, काढून तो टॉरेंट फाइलमध्ये नोंदवतात. ४ जीबीची फाइल १ एमबीच्या तुकड्यांत कापली तर ४,०९६ तुकडे होतात आणि त्यांच्या ठशांना ८१,९२० बाइट, म्हणजे ८० केबी जागा पुरते. टॉरेंट फाइल एवढीशी का असते, ते या गुणाकारावरून कळते. तुकडा उतरला की क्लायंट त्याचा ठसा नव्याने काढून नोंदीशी ताडून पाहतो. जुळला नाही तर तो टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. म्हणून अनोळखी माणसाने मुद्दाम चुकीचा तुकडा पाठवला तरी तो फाइलमध्ये शिरत नाही.

तुकडे क्रमाने येत नाहीत, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटते. शेवटचा तुकडा आधी, मधला नंतर, पहिला कधीतरी. क्लायंट आजूबाजूच्या लोकांकडे कोणते तुकडे आहेत ते पाहतो आणि जो सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी उचलतो. दुर्मीळ तुकडा ज्याच्याकडे होता तो संगणक मध्येच बंद झाला तर बाकीच्या सगळ्यांची फाइल ९९ टक्क्यांवर अडकून पडेल. ती वेळ येऊ नये म्हणून ही काळजी.

कोणाला द्यायचे, याचा नियम तर खेड्यातल्या सावडीसारखा आहे. सावडीत आज याच्या रानात सगळ्यांनी राबायचे, उद्या त्याच्या. पैशांची देवघेव नसते, पण कोण आला आणि कोणी टाळले हे सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहते. मूळ क्लायंट दर १० सेकंदांनी पाहत असे, की आपल्याला जास्तीत जास्त वेगाने कोण देत आहे. त्या मोजक्या जणांना तो देत राही आणि बाकीच्यांचे थांबवी. दर ३० सेकंदांनी मात्र एखाद्या अनोळख्याला, त्याने काहीही दिलेले नसताना, एक संधी मिळे. ही मुभा नसती तर रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाला सुरुवातच करता आली नसती. आजचे क्लायंट आकडे थोडे इकडेतिकडे करतात, पण सावड तीच आहे.

पूर्ण फाइल असलेल्याला सीडर म्हणतात, अजून उतरवत असलेल्याला लीचर, आणि दोघे मिळून पिअर. हे सगळे एकमेकांना सापडतात कसे? सुरुवातीला ट्रॅकर नावाचा एक सर्व्हर पत्ते सांगत असे. तो बंद पडला की टॉरेंट पोरके होई. २००५ पासून क्लायंटनी डीएचटी ही पद्धत आणली. तीत पत्त्यांची वही कोणा एकाकडे नसते, लाखो क्लायंटमध्ये पानापानांनी वाटलेली असते. आज मॅग्नेट लिंकवर टिचकी मारून टॉरेंट फाइलशिवायच काम सुरू होते ते डीएचटीच्या जोरावर. लिंकमध्ये मुख्यतः टॉरेंटचा ठसा असतो, बाकीची माहिती क्लायंट इतर पिअरांकडून मागून घेतो.

एसएचए-१ आता म्हातारे झाले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गूगलच्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच एसएचए-२५६ घेतले आहे. रोजच्या वापरातली बहुतेक टॉरेंटे अजून पहिल्याच आवृत्तीची आहेत, त्यामुळे केवळ दुसऱ्या आवृत्तीसाठी क्लायंट बदलण्याचे कारण सध्या तरी नाही.

वेग कुठे अडतो

उबुंटूची नवी आवृत्ती आली त्या दिवशी तिचे टॉरेंट लावले तर हजारो सीडर मिळतात आणि घरची लाइन भरून वाहते. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या डिस्ट्रोचे टॉरेंट लावले तर एकच सीडर दिसतो, तोही दिवसातून दोन तास. कोणताही क्लायंट हे अंतर मिटवू शकत नाही.

आपल्या हातात असलेली पहिली गोष्ट म्हणजे पोर्ट. क्लायंट एका पोर्टवर कान देऊन बसतो. ट्रान्समिशनचा ठरलेला पोर्ट ५१४१३ आहे. राउटरने बाहेरून येणाऱ्याला या पोर्टपर्यंत येऊ दिले तर पिअर दोन्ही बाजूंनी जोडले जातात. नाही दिले तर आपणच बाहेर जाऊन जोडणी करायची, आणि समोरचाही अशाच बंद दाराआड असेल तर दोघांची गाठ पडणे कठीण. बहुतेक घरगुती राउटरांत यूपीएनपी चालू असले की क्लायंट हे दार स्वतःच उघडून घेतो.

दार उघडे आहे की नाही, हे क्यूबिटटॉरेंटमध्ये डोळ्यांनी पाहता येते. चालू टॉरेंटवर टिचकी मारून खालचा पिअर्स टॅब उघडला की प्रत्येक ओळीत एक संगणक दिसतो: त्याचा आयपी पत्ता, तो वापरत असलेल्या क्लायंटचे नाव, त्याच्याकडे फाइल किती टक्के आहे, आणि एका रकान्यात इंग्रजी अक्षरांच्या खुणा. मोठा डी म्हणजे त्याच्याकडून तुकडे येत आहेत. छोटा डी म्हणजे आपल्याला हवे आहे, पण त्याने अजून हात आखडता ठेवला आहे. एच म्हणजे तो डीएचटीतून सापडला. यांत शोधायची खूण म्हणजे आय; ती असलेला पिअर बाहेरून आपल्याकडे आलेला असतो. तासभर टॉरेंट चालू आहे, पिअर भरपूर आहेत आणि आय एकाही ओळीत नाही, असे दिसले तर दार बंद आहे असे खुशाल समजावे.

भारतात या बंद दाराचे कारण पुष्कळदा राउटर नसतोच. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या व्यवस्थेला सीजीएनएटी म्हणतात. मग घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी पुरवठादाराच्या भिंतीला भोक पडत नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते चालू ठेवणे हाच त्यावरचा सरळ उपाय, आणि भारतातल्या मोठ्या जाळ्यांवर ते आता सर्रास मिळते. क्लायंटने आयपीव्ही६ नीट वापरावे ही अपेक्षा ट्रान्समिशन, क्यूबिटटॉरेंट आणि डेल्यूज तिघेही पुरी करतात.

दुसरी गोष्ट अपलोडची मर्यादा. टॉरेंट लावले की घरातल्या बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल तुटू लागतात, ही तक्रार नवी नाही. अपलोडची नळी तोंडापर्यंत भरली की उतरणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही तिच्यात अडकतात आणि सगळेच रेंगाळते. अपलोडची मर्यादा लाइनच्या क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांवर ठेवली की हा त्रास जातो. हल्लीचे क्लायंट यूटीपी नावाची जी वाहतूक पद्धत वापरतात ती लाइनवर विलंब वाढताना दिसला की स्वतःहून मागे सरते, त्यामुळे पूर्वीइतकी ओरड आता होत नाही.

तिसरी गोष्ट जोडण्यांची संख्या. ट्रान्समिशन एकूण २०० पिअरांवर थांबतो, क्यूबिटटॉरेंट ५०० पर्यंत जातो. पुरवठादाराने फुकट दिलेला राउटर एवढ्या जोडण्यांनी गुदमरत असेल तर क्लायंट बदलण्याआधी हा आकडा कमी करून पाहावा. ‘वेग वाढवण्यासाठी’ तो हजारांवर नेण्याचा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. त्याचा उपयोग झालेला क्वचितच दिसतो.

ट्रान्समिशन: आहे तोच पुरेसा

ट्रान्समिशन सप्टेंबर २००५ मध्ये आला आणि एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ पासून उबुंटूचा ठरलेला टॉरेंट क्लायंट झाला. लिनक्स मिंटमध्येही तो आधीपासून बसवलेला असतो. उबुंटू २३.१० पासून मात्र नेहमीची स्थापना आटोपशीर झाली. तीत तो येत नाही, सॉफ्टवेअर सेंटरमधून घ्यावा लागतो.

त्याची खिडकी उघडली की यादी, वर चारदोन बटणे आणि खाली एक लहानसे कासव दिसते. कासवावर टिचकी मारली की आधी ठरवून ठेवलेली कमी वेगाची मर्यादा लागू होते, पुन्हा मारली की उठते. ही मर्यादा वेळापत्रकाने आपोआप लावता येते. सकाळी ऑफिसचे काम सुरू होताना कासव, रात्री अकरानंतर मोकळे रान. कोणत्याही क्लायंटमध्ये वेगाच्या मर्यादेला इतके चपखल चित्र मिळालेले नाही. मेमरी तो फार कमी खातो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही निमूट चालतो.

नाही काय, तेही सांगायला हवे. आत शोधण्याची सोय नाही, आरएसएसवरून आपोआप टॉरेंट उचलण्याची सोय नाही. महिन्याकाठी दोनतीन आयएसओ उतरवणाऱ्याला याची उणीव भासत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत सगळा गाभा सी भाषेतून सी++ मध्ये नेला गेला आणि प्रकल्पात पुन्हा जीव आला.

सुरक्षेच्या बाबतीत ट्रान्समिशनचा इतिहास वाचण्यासारखा आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच्या संकेतस्थळावरचा मॅकसाठीचा इन्स्टॉलर कोणीतरी बदलला आणि त्यातून कीरेंजर हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तसाच प्रकार पुन्हा घडला. लिनक्स डिस्ट्रो मूळ सोर्स घेऊन पॅकेज स्वतः बांधतात, त्यामुळे लिनक्सवाल्यांना त्याची झळ लागली नाही. जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवलेली त्रुटी मात्र लिनक्सलाही लागू होती. दूरस्थ नियंत्रण चालू असेल आणि पासवर्ड लावलेला नसेल तर एखादे दुष्ट वेबपान ब्राउझरमार्फत क्लायंटला हुकूम देऊ शकत होते. ती लवकरच बुजवली गेली. धडा सगळ्याच क्लायंटना लागू पडतो: वेबवरून नियंत्रणाची सोय लागत नसेल तर बंद ठेवावी, लागत असेल तर पासवर्ड लावावा आणि ती थेट इंटरनेटवर उघडी टाकू नये.

क्यूबिटटॉरेंट: सगळे स्क्रू हातात

ज्याला प्रत्येक गोष्ट स्वतः फिरवून पाहायची असते त्याच्यासाठी क्यूबिटटॉरेंट. फ्रान्समध्ये विद्यार्थी असताना क्रिस्तोफ ड्युमे याने २००६ मध्ये तो सुरू केला. वरचा भाग क्यूटीत लिहिलेला आहे. खरे काम करते ते आर्विड नॉर्बर्ग यांचे लिबटॉरेंट हे इंजिन, आणि हेच इंजिन डेल्यूजमध्येही आहे. दोघांच्या वेगाची तुलना करणारे लेख वाचताना एवढे आठवले तरी पुष्कळ वेळ वाचतो.

विभाग, टॅग, आरएसएसचे नियम, टॉरेंटमधल्या नको त्या फाइली वगळणे, दिलेल्या आणि घेतलेल्या माहितीचे ठरावीक गुणोत्तर गाठल्यावर सीडिंग थांबवणे, असे सगळे यात आहे. यांतली एक सोय अशी, की केवळ तिच्यासाठी हा क्लायंट निवडणारे लोक आहेत. सेटिंग्जमध्ये नेटवर्क इंटरफेस ठरवून देता येतो. व्हीपीएन वापरणाऱ्याने तेथे व्हीपीएनचा इंटरफेस निवडला की व्हीपीएन तुटल्याबरोबर टॉरेंटही थांबतात, मूळ पत्त्यावरून गुपचूप चालू राहत नाहीत.

शोधण्याची सोय अंगची आहे, पण ती पायथनवर चालते आणि प्लगिन आपण निवडून घालायचे असतात. कोठलेही प्लगिन उचलून घालणे म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवणे. ही सोय वापरली नाही तरी काही बिघडत नाही.

तुकडे क्रमाने उतरवण्याचा पर्यायही येथे आहे. व्हिडिओ उतरता उतरता पाहायला तो बरा पडतो. सगळेच असे करू लागले तर सगळ्यांकडे सुरुवातीचे तुकडे साठतील आणि शेवटचे कोणाकडेच नसतील. आयएसओसारख्या फाइलला तो लावण्यात तर काहीच अर्थ नाही.

क्यूबिटटॉरेंटबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते, की तो कित्येक जीबी मेमरी गिळतो. २०२० मध्ये आलेल्या लिबटॉरेंट २.० ने डिस्कवरच्या फाइली मेमरीत नकाशासारख्या मांडून वाचायची पद्धत घेतली. सिस्टिम मॉनिटर हा नकाशाही प्रोग्रॅमच्या खात्यात मोजतो. त्यातला बराच भाग लिनक्सचा नेहमीचा कॅश असतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला गरज पडली की कर्नल तो परत घेतो. तरीही काही यंत्रांवर या पद्धतीने खरोखर अडखळायला होते, म्हणून जुन्या १.२ इंजिनावर बांधलेली आवृत्तीही प्रकल्पाने चालू ठेवली. यंत्र नुसता आकडा दाखवत असेल तर दुर्लक्ष करावे, अडखळत असेल तर जुन्या इंजिनाची आवृत्ती घ्यावी.

याही घराला भेग होती. आरएसएस, सर्च वगैरेंसाठी इंटरनेटवरून काही आणताना क्यूबिटटॉरेंट सर्टिफिकेटमधल्या दोषांकडे २०१० पासून काणाडोळा करत होता. ऑक्टोबर २०२४ मधल्या ५.०.१ आवृत्तीत ते दुरुस्त झाले. मुक्त सोर्स म्हणजे कोणीतरी पाहतच असेल, हा समज चौदा वर्षे टिकला. यापेक्षा जुनी आवृत्ती यंत्रावर असेल तर ती बदलावी.

खिडकीशिवाय चालणारे

आतापर्यंतचे वर्णन समोर माणूस बसलेला आहे असे धरून झाले. लॅपटॉपचे झाकण मिटले की टॉरेंट थांबते, आणि सावडीत आपले नाव गैरहजेरीत लागते. घरात जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय पडून असेल तर टॉरेंटचे काम त्याच्यावर टाकणे शहाणपणाचे. तेथे पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. प्रोग्रॅम डीमन म्हणून पाठीमागे चालतो आणि लॅपटॉपवरून किंवा फोनवरून त्याला हुकूम सोडायचा.

या कामात डेल्यूज सर्वांत नीटस आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या पायथनी प्रोग्रॅमची पुढे रचनाच डीमन एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे अशी करण्यात आली. लॅपटॉपवरची डेल्यूजची खिडकी दुसऱ्या खोलीतल्या डीमनला जोडली की टॉरेंटे जणू याच यंत्रावर चालत असल्यासारखी दिसतात. वेळापत्रक, लेबल, काम संपल्यावर एखादी आज्ञा चालवणे हे प्लगिनमधून मिळते. २०१९ च्या २.० आवृत्तीत पायथन ३ आले. त्यानंतर नव्या आवृत्त्या मात्र सावकाश येतात, हे लक्षात ठेवावे. शेकडो टॉरेंटे लावली की खिडकी जडावते.

ट्रान्समिशनचाही डीमन आहे आणि तो पोर्ट ९०९१ वर वेबपान देतो. कमी मेमरीच्या यंत्रावर पहिली पसंती त्यालाच द्यावी. क्यूबिटटॉरेंटची खिडकीविना आवृत्ती नॉक्स या शेपटीने वेगळ्या पॅकेजात मिळते. तिच्या वेबपानाचा पासवर्ड पूर्वी सर्वांना ठाऊक असलेला एकच होता. २०२३ च्या अखेरीपासून तो दर वेळी नवा तयार होऊन टर्मिनलवर दिसतो आणि आपण लगेच आपला कायमचा लावायचा असतो.

आरटॉरेंट ही टर्मिनलमध्ये राहणाऱ्यांची वस्तू. एक मजकुरी फाइल लिहून तो हवा तसा बसवायचा आणि टीमक्स या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत सोडून द्यायचा. हजारो टॉरेंटे सांभाळणारे लोक वर्षानुवर्षे तो वापरत आहेत. ज्याला असा प्रोग्रॅम का हवा हे माहीत नाही त्याला तो नकोच आहे.

उरलेले

फ्रॅगमेंट्स नोम डेस्कटॉपसाठी रस्ट भाषेत लिहिलेला आहे. आतले काम ट्रान्समिशनचा डीमनच करतो. दिसायला देखणा, सेटिंग्ज नाममात्र. केटॉरेंट केडीई प्लाझ्मात चपखल बसतो आणि त्याचे स्वतःचे इंजिन आहे. बिग्लीबीटी हा जुन्या व्हूझ क्लायंटमधून २०१७ मध्ये फुटून निघालेला जावा प्रोग्रॅम, सोयींनी गच्च भरलेला आणि तितकाच जड. एरिया२ टर्मिनलवरून एचटीटीपी, एफटीपी आणि टॉरेंट तिन्ही उतरवतो. स्क्रिप्टमध्ये वापरायला उत्तम, महिनाभर सीडिंग करत ठेवायला नव्हे.

कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचे

क्लायंट डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून घ्यावा. डेबियन स्टेबलसारख्या ठिकाणी आवृत्ती जुनी दिसते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यात घातल्या जातात. नवीच आवृत्ती हवी असेल तर फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक घेता येतो. त्यात एक गोम आहे. फ्लॅटपॅकमधला प्रोग्रॅम कुंपणात चालतो आणि दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरला पुष्कळदा हात लावू शकत नाही. टॉरेंट लावले, ‘परवानगी नाही’ असा निरोप आला, की क्लायंटला बोल लावण्याआधी फ्लॅटसील हा परवानग्यांचा प्रोग्रॅम उघडून त्या फोल्डरची परवानगी द्यावी.

फाइल कुठे उतरवायची यालाही महत्त्व आहे. एफएटी३२ च्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि उबुंटू २४.०४ चा आयएसओ त्याच्या बराच पुढे जातो. तेथे एक्सफॅट लागते. बीटीआरएफएसवर तुकडे वाटेल त्या क्रमाने लिहिले गेल्याने फाइल डिस्कवर विखुरते. टॉरेंटच्या फोल्डरपुरते कॉपी-ऑन-राइट बंद करता येते, पण त्याबरोबर तेथील चेकसमही बंद होतात, हे ठरवूनच करावे.

टॉरेंटचा ठसा जुळला म्हणजे फाइल टॉरेंटमध्ये नोंदल्याबरहुकूम आहे, एवढेच सिद्ध होते. मुळात टॉरेंटच बनावट असेल तर ठसा बनावट फाइलशी इमानेइतबारे जुळेल. म्हणून आयएसओचे टॉरेंट डिस्ट्रोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि उतरल्यावर तेथील एसएचए-२५६ यादीशी ताडून पाहावे.

काय उतरवायचे

क्लायंट कोणताही असो, पिअरांना आयपी पत्ता दिसतो. क्लायंटमधले एन्क्रिप्शन पत्ता लपवत नाही. पुरवठादाराला ही टॉरेंटची वाहतूक आहे हे ओळखणे अवघड जावे, एवढाच त्याचा हेतू. त्याची गरज का पडली, हे अमेरिकेत २००७ मध्ये दिसले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कॉमकास्टच्या जोडणीवरून किंग जेम्स बायबल टॉरेंटने पाठवून पाहिले आणि कंपनी अशा जोडण्या मध्येच तोडते हे उघड केले. त्या बायबलवर कोणाचाही कॉपीराइट नव्हता.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तके २०११ पासून मुक्त आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांची साधारणपणे २०६० अखेरपर्यंत वाट पाहावी लागेल. १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. टॉरेंटमध्ये तर उतरवणारा आपोआप वाटणाराही ठरतो. कायदेशीर साठा मात्र लहान नाही. इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या वस्तूंची टॉरेंटे देते, त्यांत जुनी मराठी पुस्तकेही आहेत. विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचण्याची सोय करणाऱ्या किविक्सच्या फाइलीही टॉरेंटने मिळतात आणि त्यांत मराठी विकिपीडिया आहे.

निवड आणि फेरनिवड

रोजच्या लॅपटॉपवर ट्रान्समिशन ठेवावा. व्हीपीएन, आरएसएस किंवा पाचपन्नास टॉरेंटांचा कारभार आला की क्यूबिटटॉरेंट. कायम चालू असणाऱ्या यंत्रावर ट्रान्समिशनचा डीमन, आणि त्या यंत्राशी खिडकीतून बोलायचे असेल तर त्याऐवजी डेल्यूज. निवड चुकली तरी नुकसान नाही, कारण उतरलेल्या फाइली कोणत्याही क्लायंटच्या मालकीच्या नसतात. जुन्या क्लायंटमध्ये टॉरेंट थांबवावे, नव्यात तीच टॉरेंट फाइल जोडून जुनाच फोल्डर दाखवावा आणि तपासणी करायला सांगावे. तो एकेक तुकड्याचा ठसा काढतो, आकडा १०० टक्क्यांवर पोहोचतो आणि सीडिंग सुरू होते. जुन्या क्लायंटमधली नोंद त्यानंतरच काढावी, आणि काढताना ‘फाइलींसह’ या चौकटीत खूण नाही ना, ते एकदा पाहून घ्यावे.